पाणी पाजलं

तार हलली. देवाशप्पथ हलली!

चार पातळ तारांची ती जुडी मी नुकतीच बाटलीतून काढून तळहातावर ठेवली होती. पेन्सिलीएवढी लांब, अगदी सरळ. पाच-सहा सेकंद गप्प पडून राहिली. मग टोकाकडून जराशी वाकली, मध्येच पीळ घेतला, आणि चारही तारांची टोकं नखांसारखी आत वळून माझ्या अंगठ्याभोवती बसली. घट्ट! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या हातातला चहा सांडला.

"घाबरू नकोस," सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पूर्वा हसत म्हणाल्या. कालच त्यांनी ती जुडी माझ्या डाव्या नडगीतून काढली होती. "काढताना आम्ही गार करून सरळ केली होती. आता तुझ्या हाताची ऊब लागली, म्हणून तिला आपलं रूप आठवलं. ने घरी. वर्षभर तुझ्या हाडाजवळ होती."

मग त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचं हसू कमी झालं.

"हिचा रंग मात्र वेगळाच आहे. कंपनीकडून येते ती राखाडी असते. ही मोरपंखी कशी?"

मी म्हटलं, "छान दिसतेय की!"

किती बावळट होते मी. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण त्याशिवाय माझा सूड कळणार नाही, आणि तो कळलाच पाहिजे.

निकेल आणि टायटॅनियम मिसळून एक धातू होतो. त्याला साच्यात आवळून पाचशे अंशांवर तापवलं की ते रूप त्याच्या कायमचं लक्षात राहतं. मग त्याला बर्फात घाला, तो कणकेसारखा मऊ होतो. वाकवा, पिळा, सरळ करा, काही म्हणत नाही. पण माणसाच्या अंगाएवढी ऊब मिळाली की तो सगळं सोडून पुन्हा पहिल्या रूपात जातो, आणि जाताना मध्ये येईल त्याला ओढत नेतो. हाड मोडलेल्या माणसाला हेच तर हवं असतं. म्हणून हल्ली असं करतात: तुमचा एक पाय मोडला की दुसऱ्या, धडक्या पायाचं स्कॅन काढतात, ते आरशातल्यासारखं उलटं करतात आणि त्या मापावर खास तुमच्यासाठी तारांची पकड घडवतात. बर्फातून काढून छोट्याशा छेदातून आत सरकवली की ती गरम होते, हाडाला कवटाळते, तुकडे जागेवर ओढून धरते. कागदोपत्री तिचं नाव बारा अक्षरांचं आहे. लोक तिला 'मिठी' म्हणतात.

मिठीच्या अंगावर लेप असतो, केसाच्या हजाराव्या भागाएवढा पातळ. त्याची कामं दोन. धातूतलं निकेल रक्तात उतरू द्यायचं नाही, आणि हाडाला फसवायचं. लेपाच्या वरच्या थरात हाडातलंच खनिज असतं, त्यामुळे हाडाला वाटतं, हे आपल्यातलंच कुणीतरी आहे. ते येऊन चिकटतं. आणि साबणाच्या फुग्यासारखा लेपालाही रंग असतो, जाडी बदलली की रंग बदलतो.

नियम असा की एकाची मिठी दुसऱ्याला बसवायची नाही. काढली की मालकाला द्यायची, नाहीतर वितळवायची. का, ते तुम्हाला कळलंच असेल. नसेल तर थांबा जरा.

मी यशोधरा लोहार. दहावी ब. खो-खोत पाठलाग करताना मी खांबापाशी सूर मारला की समोरची पोरगी नुसती बघत राहायची. उंची पाच फूट सात इंच, आठवीपासूनच! मागच्या डिसेंबरात राज्याच्या निवडीच्या सामन्यात सूर जरा जास्तच लांब गेला आणि नडगी खांबावर आदळली. माझी मैत्रीण अल्फिया मुजावर सहाव्या पाटीवर बसली होती. ती म्हणते, तिला तिथं आवाज ऐकू आला.

पप्पांनी मला अस्थिसुख हॉस्पिटलात नेलं, कारण तिथले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. डॉक्टर अजातशत्रू इंगवले. तीन महिन्यांनी मी उभी राहिले तेव्हा डावं पाऊल बाहेर वळलेलं. अकरा अंश. पळताना खांबाला वळसा घातला की पाय दगा द्यायचा आणि मी तोंडावर. राज्याच्या यादीतून नाव गेलं.

"तू व्यायाम चुकवला असशील," डॉक्टर म्हणाले.

"एकही दिवस नाही चुकवला, सर."

त्यांनी पप्पांकडे बघून डोळे मिचकावले. "अहो लोहार, मुलीचा पाय थोडा बाहेर वळला तर बिघडलं काय? लग्नात साडीखाली कुणाला दिसणार आहे?"

आणि पप्पा हसले. थोडंसंच, पण हसले.

अजातशत्रू म्हणजे ज्याचा शत्रू अजून जन्मलाच नाही तो. त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा माझा जन्म झाला होता.

मिठी अस्थिसुखमध्ये काढून घ्यायची नाही, हे मीच ठरवलं. सरकारी दवाखान्यात गेले, म्हणून ती बाटली माझ्या हातात आली. नाहीतर कधीच आली नसती.

दोन दिवसांनी शाळेत गेले. अल्फियानं मला मैदान ओलांडताना पाहिलं आणि पोट धरून हसायला लागली.

"यशे, तू सेम त्या इंगवले डॉक्टरसारखी चालतीस गं! डावा पाय घड्याळातल्या दहावर! काल ते एका उद्घाटनाला आमच्या गल्लीत आलते, मी मागनं बघितलं की." तिनं चालूनही दाखवलं, पोट पुढे काढून, डावं पाऊल दहावर.

"गप ए," मी म्हटलं.

मग मीच गप्प झाले.

कारण मला अस्थिसुखच्या स्वागतकक्षातलं ते चित्र आठवलं. माणसाएवढं, मागून उजेड सोडलेलं. डॉक्टर सायकलच्या शर्यतीत पडले होते तेव्हाचं. एका बाजूला ते हसतायत, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच डाव्या नडगीचा एक्स-रे, त्यात त्यांची मिठी. आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आधी मी स्वतः वापरली, मग तुम्हाला दिली!'

मी आणि अल्फिया संध्याकाळी तिथं गेलो. अल्फियानं काउंटरवरच्या ताईला तिच्या नानीच्या गुडघ्याबद्दल एकवीस प्रश्न विचारले. तेवढ्यात मी त्या एक्स-रेचे फोटो काढले. घरी येऊन ते खऱ्या मापावर आणून पारदर्शक कागदावर छापले, बाटलीतली मिठी कोमट पाण्यात टाकली आणि तिनं पूर्ण रूप घेतलं तसं कागदावर ठेवली.

बसली. पिळासकट. चारही नखं रेषांवर.

डॉक्टरांची नडगी जन्मापासूनच बाहेर वळलेली, त्यांची मिठीही तशीच घडवलेली, त्यात चूक काहीच नाही. चूक पुढे झाली. ती काढल्यावर इतर जुन्या मिठ्यांबरोबर ट्रेमध्ये पडली असणार, कुणी चिठ्ठी लावली नाही, नवा लेप चढला आणि मापात जवळची सापडली म्हणून एका उंच मुलीच्या पायात गेली. लेपानं तिचं अंग बदललं. आठवण कुठं बदलते? वर्षभर ती माझ्या हाडाला सांगत राहिली, असं नाही, असं वळ. आणि माझं बिचारं हाड, त्याला वाटलं आपल्यातलंच कुणीतरी सांगतंय.

माझ्या पायात इंगवले डॉक्टरांचा पाय होता!

मी खोलीभर उड्या मारल्या. एकाच पायावर. इतका आनंद मला निवड झाली असती तरी झाला नसता. आरशापुढे उभी राहून केस बांधायला घेतले आणि हात तिथंच थांबला.

माझी केसांची क्लिप. चौदाव्या वाढदिवसाला पप्पांनी टायटॅनियमच्या पट्टीची करून दिली होती. मोरपंखी. "असा रंग कोल्हापुरात दुसऱ्या कुणाच्या हातनं यायचा न्हाई," असं म्हणाले होते.

पप्पांचं उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटचं दुकान आहे. एक भट्टी, लेप द्यायची एक टाकी आणि पप्पा. कारखान्यांची दातेरी चाकं, सुरे, छिन्न्या त्यांच्याकडे येतात. लोखंड लालबुंद तापवून झटकन पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कणखर होतं, त्याला ते 'पाणी पाजणं' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, लोखंडाला खरंच तहान लागते.

रात्रीच्या जेवणाला मी त्यांच्या ताटाशेजारी दोन वस्तू ठेवल्या. क्लिप आणि मिठी.

"हा रंग कुणाच्या हातचा?"

पप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी मिठी उचलून बघितली. खूप वेळ.

"माझ्याच," ते म्हणाले.

आईनं वाढता वाढता गॅस बंद केला.

"इंगवले डॉक्टरांचं काम येतंय. जुना लेप खरवडायचा, नवा द्यायचा. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला लागत्यात म्हणाले."

"आणि तुम्हाला पटलं?"

"मी त्यास्नी सांगितलं हुतं गं. म्हटलं, साहेब, ह्यांचं आधीचं रूप मोडायचं तर भट्टीत घालाय पायजे, न्हाईतर त्या जुनंच धरून बसतील. तर म्हणाले, सरावाच्याच हायत, रूपाशी काय करायचंय, तुम्ही नुसतं वरचं बघा."

"मग?"

"मी वरचं बघितलं."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. विचारला. "माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी एकदाही मनात आलं नाही? की ह्यातलीच एखादी असेल?"

पप्पा ताटाकडे बघत होते. "आलं. पण विचारलं न्हाई. एवढा मोठा डॉक्टर. कसं विचारायचं?"

मी ताटावरून उठले. माझ्या सुडाच्या यादीत एक नाव होतं, आता दोन झाली. दुसऱ्या दिवसापासून मी पप्पांशी बोलणं बंद केलं. फक्त एक वाक्य बोलले, "शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तुम्ही येऊ नका."

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे कोण? दरवर्षी तेच असतात. इंगवले डॉक्टर!

प्रयोगाचं नाव मी मुद्दाम गोड ठेवलं: 'आठवणारा धातू'. टेबलावर बर्फाचा डबा, मोठी पारदर्शक टाकी, तिच्यात वाफाळतं पाणी. वर कॅमेरा लावून सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल अशी सोय अल्फियानं केली. माईकही तिनंच आणला, संगीताच्या बाईंच्या कपाटातून. परवानगीचं विचारू नका.

डॉक्टर आले. पडद्यावर नाव वाचून खूश झाले. "वा! हा तर आपलाच विषय. आणि ही आपलीच पेशंट! कसा आहे पाय?"

"तुमच्यासारखाच आहे, सर," मी म्हटलं.

ते हसले. सगळे हसले. मुख्याध्यापिका कुलकर्णीबाई जरा जास्तच हसल्या.

मी शास्त्र सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच. मग मिठी बर्फातून काढून चिमट्यात उंच धरली. सरळ, मोरपंखी. "ही माझ्या पायातून निघाली. हिच्या लक्षात माझं हाड असायला हवं. बघू या काय आहे."

डॉक्टरांनी रंग पाहिला आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मला ते त्यांच्या कानांवरून समजलं, लाल झाले. छायाचित्रकाराकडे तोंड हसरं ठेवून ते माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाळ, हा रंग कुणाच्या हातचा आहे, ठाऊक आहे ना? मी तर सहज सुटेन. तुझे वडील आत जातील. ठेव ते बर्फात."

खरं सांगते, माझा हात थांबला. आईनं बंद केलेला गॅस आठवला. चौदावा वाढदिवस आठवला. चिमटा बर्फाच्या डब्याकडे जरासा वळलाही होता.

मग मला त्याच आवाजातलं जुनं वाक्य आठवलं. साडीखाली कुणाला दिसणार आहे? आणि त्यामागचं ते थोडंसं हसणं.

मी माईक तोंडाजवळ घेतला. "डॉक्टर विचारतायत, हा रंग कुणाच्या हातचा. माझ्या पप्पांच्या हातचा आहे!"

आणि मिठी पाण्यात सोडली.

पडद्यावर ती केवढी मोठी दिसली! सळसळत वळली, पीळ घेतला, नखं मिटली. मी एक्स-रेचा कागद टाकीखाली सरकवला. सभागृहातली दोनशे माणसं पडद्याकडे वाकली. शेजारी मी माझ्या उजव्या पायाचं उलटं स्कॅन ठेवलं, डॉक्टर पूर्वांनी दिलेलं. त्याच्याशी मिठी कुठंच जुळत नव्हती.

"हे चित्र अस्थिसुखमध्ये लावलंय," मी म्हटलं. "खाली काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठच असेल."

अल्फियानं मागून खणखणीत आवाजात वाचलं, "आधी मी स्वतः वापरली, मग तुम्हाला दिली!"

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. ते हसणं मध्येच तुटलं.

"मूर्खपणा आहे हा," डॉक्टर म्हणाले. "शाळकरी मुलीची चूक. एक तार कुणाच्याही एक्स-रेवर बसेल. मापाचा पत्ता नाही, पुरावा नाही. असली एक तरी दुसरी दाखवा."

"एक्केचाळीस हायत."

दारात पप्पा उभे होते. कामाच्या कपड्यांत, काखेत पत्र्याचा डबा. येऊ नका सांगितलं होतं मी! ते लोकांमधून वाट काढत टेबलापाशी आले. माझ्याकडे बघितलं नाही.

"पोरगी खरं बोलतीया. लेप मी दिला. दोन वर्सं देतोय. ह्या ह्याच आठवड्याला आल्यात, ह्यांच्याच हॉस्पिटलातनं, डब्यावर शिक्का हाय. सरावाच्या म्हणं." त्यांनी डबा टाकीवर धरला. "साहेब, तुम्ही म्हणाला हुता नुसतं वरचं बघा. आता आतलं बघू."

आणि सगळा डबा उपडा केला.

ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक्केचाळीस सरळ तारा पाण्यात पडल्या आणि एकदम जिवंत झाल्या. एकीनं मांडीचा बाक घेतला. एक मनगटाभोवती बसेल अशी वळली. एक खांद्याची. एक तर माझ्या करंगळीएवढी, तान्ह्या पोराच्या हाताची असावी. पडद्यावर एक्केचाळीस माणसं होती, नावं नव्हती, नुसती हाडं, जो तो आपापल्या रूपात. कुलकर्णीबाईंचं मनगट मागच्या दिवाळीला मोडलं होतं आणि तेव्हापासून त्यांना फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नव्हती. त्यांनी ते मनगट दुसऱ्या हातानं धरलं. त्या आता मुळीच हसत नव्हत्या.

"दारं लावून घ्या रे," त्या शिपायांना म्हणाल्या. "आणि पोलिसांना फोन करा."

डॉक्टर घाईघाईनं दाराकडे निघाले. आणि सगळं सभागृह, एकूण एक माणूस, त्यांच्या तोंडाकडे नाही, त्यांच्या डाव्या पावलाकडे बघत होतं. घड्याळातल्या दहावर.

"पाणी पाजलंस गं!" अल्फिया माझ्या कानात ओरडली. कोल्हापुरात कुणाला चारीमुंड्या चीत केलं की असंच म्हणतात. मला इतकं गोड काही कधी लागलं नव्हतं. पाप असेल तर असू दे.

पुढचं पेपरात आलंच. अस्थिसुखला कुलूप आहे. तपासणीच्या रांगेत रोज शंभरावर माणसं, कुणाचा कोपर, कुणाचा घोटा. डॉक्टरांचा परवाना थांबवलाय, खटला उभा राहतोय. ते चित्र उतरवलं, मी मुद्दाम बघायला गेले होते. पप्पांनी पोलिसांना सगळं सांगितलं, स्वतःचंही काही लपवलं नाही. लेपाच्या टाकीवर लाख आणि शिक्का आहे. भट्टीवर नाही. त्यांच्यावरही खटला होईल. डॉक्टर पूर्वा मे महिन्यात माझी नडगी पुन्हा मोडून नवी मिठी बसवणार आहेत, माझ्याच पायाची आठवण असलेली. मग मी पळणार. बघाच तुम्ही.

राहिलं दुसरं नाव.

काल दुपारी आईनं पप्पांचा डबा घेऊन मला दुकानात पाठवलं. मी डबा ठेवला आणि वळले.

"यशे," पप्पा म्हणाले. अठरा दिवसांनी मी त्यांच्याकडे नीट बघितलं. दाढी वाढली होती. "राग गेला का गं?"

दया आली. पण अकरा अंश म्हणजे अकरा अंश.

"भट्टीत घातल्याशिवाय रूप मोडत नाही, तुम्हीच सांगता ना? पाचशे अंश लागतील."

ते हसले नाहीत, बरं केलं. त्यांनी उठून भट्टीचं दार लावलं, खटका ओढला आणि आकड्यांकडे बघत स्टुलावर बसले. अठ्ठावीस. एकोणतीस.

"पाचशेवर जायला हिला तीन तास लागत्यात," ते म्हणाले. "मी थांबतो."

मी दारापर्यंत गेले. मग परत येऊन दुसरं स्टूल ओढलं, त्यांच्यापासून जरा लांबच, आणि डावं पाऊल मुद्दाम त्यांना दिसेल असं पुढे ठेवून बसले.